सॅकरीनचे आमिष सोडून उंदीर गुळाकडेच वळतात, हा जनुकांचा परिणाम आहे का?

हिरण्यकेशी (संकेश्वर) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. संकेश्वरजवळ आमचे जुने गुऱ्हाळ आहे आणि हंगाम संपल्यावर गुळाच्या ढेपा काही महिने शेजारच्या कोठीतच राहतात. उंदरांचा त्रास आम्हाला नवा नाही. पिंजऱ्यात गुळाचा खडा आणि भाजलेले शेंगदाणे ठेवण्याची पद्धत आजोबांपासून चालत आलेली आहे. अडचण अशी की पिंजरा लावतो न लावतो तोच गुळाला मुंग्या लागतात, आणि पावसाळ्यात तर गूळ पाघळून पिंजऱ्याच्या तळाला चिकटून बसतो. म्हणून यंदा मी सॅकरीनच्या गोळ्या पाण्यात विरघळवल्या, त्यात भाकरीचे तुकडे भिजवून वाळवले आणि गुळाऐवजी तेच वापरून पाहिले. मुंग्या त्याकडे फिरकल्या नाहीत, इथपर्यंत सारे मनासारखे झाले.

उंदरांचे वागणे मात्र कोड्यात टाकणारे निघाले. तुलना करता यावी म्हणून मी कोठीच्या एकाच भिंतीला दोन बशा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, एकीत सॅकरीनची भाकरी आणि दुसरीत गुळाच्या पाण्यात भिजवून वाळवलेली भाकरी. पहिल्या रात्री दोन्ही बशांतले तुकडे जवळजवळ सारखेच कुरतडलेले होते. कडेला दातांच्या बारीक जोडखुणा आणि बशीत काळ्या लेंड्या दोन्हीकडे दिसत होत्या. नंतरच्या रात्री मात्र गुळाच्या बशीत चुरादेखील उरेना आणि सॅकरीनचे तुकडे जसेच्या तसे राहू लागले.

माझी धाकटी बहीण बेळगावात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करते. तिच्या पुस्तकात असे दिले आहे की प्रयोगशाळेतील उंदरांच्या काही वाणांना सॅकरीन फार आवडते, काहींना ते पाण्याहून फारसे वेगळे लागत नाही, आणि हा फरक प्रामुख्याने एका जनुकामुळे पडतो. त्यावरून तिचा तर्क असा की आमच्या कोठीतले उंदीर दुसऱ्या प्रकारचे असले पाहिजेत. मला हे पटत नाही, कारण तसे असते तर पहिल्या रात्री त्यांनी दोन्ही बशांना सारखेच तोंड कशाला लावले असते? एकच जनुक गोडाची आवड खरोखर ठरवू शकते का, आणि ठरवत असेल तर घरातल्या साध्या उंदरांना ते लागू पडते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मार्कंडेय (बेळगाव) यांचे उत्तर

आपल्या बहिणीचे पुस्तक बरोबर आहे आणि आपली शंकाही रास्त आहे. मी काही वर्षे बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत उंदरांवर काम केले असल्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहिते.

आधी त्या जनुकाविषयी. प्रयोगशाळेत सख्ख्या भावाबहिणींचा संकर सलग वीस किंवा त्याहून अधिक पिढ्या करत राहिले की असा एक शुद्ध वाण हाती येतो, ज्यातले सगळे उंदीर जनुकांच्या दृष्टीने जवळपास एकसारखे असतात. डीबीए हा असा सर्वांत जुना वाण १९०९ मध्ये सुरू झाला, आणि आज जगभर सर्वांत जास्त वापरला जाणारा सी५७ब्लॅक/६ हा काळा वाण १९२१ मधल्या एका संकरातून आला. या दोन वाणांपुढे साधे पाणी आणि सॅकरीनचे सौम्य पाणी ठेवले, तर काळे उंदीर सॅकरीनवर तुटून पडतात, तर डीबीए/२ उंदीर त्याकडे फारसे ओढले जात नाहीत. जॉन फुलर यांनी १९७४ मध्ये या दोघांचा संकर करून संततीची आवड तपासली. त्यांना आवडीची वाटणी मेंडेलच्या नियमाला धरून झालेली आढळली, आणि सॅकरीन आवडण्याचा गुण प्रभावी ठरला. त्या अज्ञात जनुकाला त्यांनी ‘सॅक’ असे नाव दिले. पुढे ते चौथ्या गुणसूत्राच्या एका टोकाजवळ असल्याचे कळले, पण नेमके जनुक कोणते हे उमगायला २००१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अनेक प्रयोगशाळा जवळजवळ एकाच वेळी एकाच उत्तराशी पोहोचल्या, ते म्हणजे टास१आर३ हे जनुक.

या जनुकापासून टी१आर३ नावाचे प्रथिन बनते. जिभेवरच्या रुचिकलिकांतील काही पेशींच्या पृष्ठभागावर ते टी१आर२ या दुसऱ्या प्रथिनाशी जोडी करून बसते, आणि ही जोडी म्हणजेच गोड चवीचा ग्राही, म्हणजे गोड पदार्थ ओळखून पेशीला जागे करणारी रचना. हेच टी१आर३ टी१आर१ बरोबर जोडले गेले की अमिनो आम्लांची, म्हणजे उमामी (रश्श्यासारख्या रुचकर) चवीची ओळख पटते. सॅकरीनची आवड कमी असणाऱ्या वाणांत टी१आर३ प्रथिनाच्या साठाव्या जागी आयसोल्यूसीनऐवजी थ्रिओनीन हे अमिनो आम्ल आढळते. साडेआठशेच्या आसपास अमिनो आम्लांच्या साखळीतल्या एका कडीमुळे उंदराच्या जिभेचा कल बदलावा, ही गोष्ट मला आजही थक्क करते. जाता जाता एक गंमत सांगते. मांजरात टी१आर२चे जनुकच मोडके आहे, हे २००५ मध्ये दाखवले गेले. त्यामुळे आपल्या कोठीत राखणीला मांजर असेल तर त्याला गुळाशी काही सोयरसुतक नसणार.

आता आपल्या शंकेकडे वळते. ‘सॅक’ जनुक उंदराच्या जिभेने मेंदूला किती जोराचा निरोप पाठवायचा, हे बऱ्याच अंशी ठरवते. उंदीर पुढे काय खाईल हे मात्र ते एकटे ठरवत नाही. २००३ मध्ये टी१आर३ पूर्णपणे काढून टाकलेल्या उंदरांवर प्रयोग झाले. कृत्रिम गोडीच्या पदार्थांची त्यांची आवड नाहीशी झाली, पण साखरेची आवड घटूनही उरलीच. त्याच सुमारास दुसऱ्या एका गटाने टी१आर२ आणि टी१आर३ दोन्ही काढून पाहिली, तेव्हा जिभेचा गोडाला मिळणारा प्रतिसाद जवळपास संपुष्टात आला.

आणि आपल्या दोन बशांशी थेट जुळणारा प्रयोग २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. तिथे उंदरांपुढे ग्लुकोजचे पाणी आणि एसेसल्फेम या कृत्रिम गोडीचे पाणी अशा दोन बाटल्या ठेवल्या होत्या. सुरुवातीला उंदीर दोन्हींतून सारखेच पीत होते, पण दोन दिवसांच्या आत ते जवळजवळ पूर्णपणे ग्लुकोजकडे वळले. गोड चव ओळखण्याची यंत्रणा निकामी केलेल्या उंदरांनीसुद्धा, जिभेला काही कळत नसताना, शेवटी साखरेचीच बाटली निवडली. याचे कारण आतड्यात सापडले. ग्लुकोज शोषून घेणारे एसजीएलटी१ हे वाहक प्रथिन ज्या पेशींत असते, तिथून आतडे आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत मेंदूच्या तळाशी एक स्वतंत्र निरोप जातो, आणि कृत्रिम गोडीला त्या वाहकाशी काही देणेघेणे नसल्यामुळे तो निरोप तिच्याकडून कधीच जात नाही. गुळातील मुख्य शर्करा म्हणजे सुक्रोज; आतड्यात तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, म्हणून गूळ खाल्लेल्या उंदराला जीभ आणि आतडे या दोन्हींकडून होकार मिळतो. सॅकरीन खाल्लेल्याला फक्त जिभेकडून.

तरीही आपल्या निरीक्षणावरून मी एवढा मोठा निष्कर्ष काढणार नाही. भाकरीतल्या पिष्टाचेही शेवटी ग्लुकोजच होत असल्याने दोन्ही बशांतून साखर पोटात जात होती, फरक होता तो प्रमाणाचा. शिवाय गुळाला वास आहे, सॅकरीनला जवळजवळ नाही, आणि उंदीर नाकावर फार विसंबून असतो. आपण सॅकरीनचे पाणी किती गडद केले होते, हेही पाहावे लागेल, कारण प्रमाण वाढले की सॅकरीन कडवट लागू लागते. माणसात तर कडू चवीचे दोन ग्राही सॅकरीनला प्रतिसाद देतात हे माहीत झालेले आहे, आणि गडद सॅकरीनचे पाणी उंदीरही टाळतात.

शेवटी घरच्या उंदरांविषयी. शुद्ध वाण ही माणसाने घडवलेली वस्तू आहे. आपल्या भागातला घरउंदीर मुख्यतः कॅस्टेनियस या उपजातीतला आहे, आणि प्रयोगशाळेतल्या वाणांचा मोठा भाग युरोपातल्या डोमेस्टिकस या उपजातीतून आलेला आहे. कोठीतला प्रत्येक उंदीर आईबापांकडून वेगवेगळी जनुके घेऊन आलेला असतो. त्यामुळे आपले सगळे उंदीर या प्रकारचे किंवा त्या प्रकारचे असे सरसकट म्हणता येणार नाही.

निपाणीची वखार यांचे उत्तर

मार्कंडेयताई, आपले उत्तर दोनदा वाचले आणि आवडले, परंतु एक गोष्ट मला खटकते. चवीपेक्षा पोटाचा निरोप मोठा असेल तर निसर्गाने जिभेवर कडू चवीचा एवढा पहारा कशासाठी बसवला असेल? आमच्या वखारीत तंबाखूचे बोद रचलेले असतात. उंदीर त्यांच्या मागे घरटी करतात, बारदान कुरतडतात, सुतळी पळवतात, पण तंबाखू खाल्ल्याचे मी कधी पाहिलेले नाही. पोटात जाऊन त्रास झाल्यावर ते शिकतात असे मानायचे तर प्रत्येक नव्या उंदराला एकदा तरी तंबाखू खावी लागेल, आणि तशा खुणा मला दिसत नाहीत.

दुसरी शंका याच्या उलट आहे. उंदराच्या औषधाच्या काही पाकिटांवर लिहिलेले असते की लहान मुलांनी चुकून खाऊ नये म्हणून त्यात अतिशय कडू द्रव्य मिसळले आहे. माणसाच्या पोराला जे तोंडात धरवत नाही ते उंदीर कसे खातो? त्याला कडू कळत नसेल तर माझी तंबाखू तो का सोडतो, आणि कळत असेल तर हे औषध का खातो?

मार्कंडेय यांचे उत्तर

वखारवाले काका, आपण दोन्ही बाजूंनी कोंडीत पकडले आहे. पोटाचा निरोप मोठा आणि जिभेचा छोटा, असे मला म्हणायचे नव्हते. गोडाच्या बाबतीत पोटाला वेळ मिळतो. विषाच्या बाबतीत तो मिळेलच असे नाही, म्हणून तिथे जिभेचा पहारा कडक असतो, आणि याची साक्ष जनुकांच्या संख्येतच दिसते. गोड आणि उमामी मिळून तीनच ग्राही-जनुकांवर काम भागते, पण कडू चवीसाठी उंदरात सुमारे पस्तीस कार्यक्षम जनुके आहेत आणि माणसात साधारण पंचवीस. उंदराची ही टास२आर जनुके जवळजवळ सगळी सहाव्या गुणसूत्रावर घोळक्याने बसलेली आहेत. प्रत्येक ग्राही काही ठराविक रसायने ओळखतो, आणि कडू ओळखणाऱ्या पेशी गोड ओळखणाऱ्या पेशींहून वेगळ्या असतात.

कडू चवीतही वाणावाणांत फरक आहेत आणि त्यांचा शोध गोडाच्याही आधी लागला. सुक्रोज ऑक्टाअॅसिटेट हे साखरेपासूनच बनणारे पण अतिशय कडू रसायन काही उंदीर ठामपणे टाळतात आणि काही निर्विकारपणे पितात, हे १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. २००० मध्ये सायक्लोहेक्झिमाइड या प्रतिजैविकाच्या कडवटपणाचा ग्राही सापडला. डीबीए/२ उंदरांना त्याची अगदी थोडी मात्राही जाणवते, तर सी५७ब्लॅक/६ उंदरांच्या त्याच ग्राहीत काही अमिनो आम्ले बदललेली असल्यामुळे त्यांना ते बऱ्याच जास्त मात्रेशिवाय कळत नाही. म्हणजे गोडाला तल्लख असलेला काळा उंदीर या कडूला मंद आणि डीबीए/२ नेमका उलट. चवीची संवेदना एकच सलग गुण म्हणून वारशाने मिळत नाही, तिचा एकेक तुकडा स्वतंत्रपणे मिळतो. हे मी विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही, आणि हेच आकडे पुढे ठेवले की बसतो.

आता आपल्या पाकिटावरचे द्रव्य. ते बहुधा डेनाटोनियम असावे. १९५८ मध्ये एडिनबर्गच्या एका औषध कंपनीत ते हाती लागले आणि ज्ञात कडू पदार्थांत त्याचा क्रमांक अगदी वरचा आहे. विषारी आमिषात ते दहा लाख भागांत दहा भाग एवढेच घालतात. त्या मात्रेत माणसाचे मूल लगेच थुंकून टाकते, पण उंदीर आमिष सोडून देत नाही. उंदराला डेनाटोनियम मुळीच कळत नाही असे नव्हे, कारण मात्रा वाढवली की तोही ते टाळतो. माणसाचा उंबरठा खाली आणि उंदराचा वर, या फटीचा फायदा उत्पादक घेतात.

निकोटिनच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट आहे. गोड, कडू आणि उमामी या तिन्ही चवींच्या पेशींत ग्राहीच्या पुढची साखळी बरीचशी सारखी असते आणि तिच्या टोकाला टीआरपीएम५ नावाची आयनवाहिनी, म्हणजे विद्युतभारित कण पेशीत सोडणारे दार, असते. ही वाहिनी काढून टाकलेल्या उंदरांना क्विनीनचा कडवटपणा जवळजवळ कळेनासा होतो. निकोटिन मात्र त्यांनाही ओळखता येते, असे २००९ मध्ये दाखवले गेले, कारण निकोटिन त्या साखळीखेरीज मज्जातंतूंवरच्या स्वतःच्या ग्राहींमार्फतही जाणवते. तंबाखूवर असे दोन पहारेकरी आहेत. त्यामुळे आपल्या वखारीतला उंदीर एकदाही न खाता सावध राहतो, यात मला नवल वाटत नाही.

या सगळ्याचा सर्वांत पटणारा पुरावा मात्र मला २००५ मधला वाटतो. माणसाला कडू लागणाऱ्या काही पदार्थांचा ग्राही उंदरांकडे नसल्याने ते त्यांची दखल घेत नाहीत. संशोधकांनी माणसाचा तो ग्राही उंदराच्या कडू चवीच्या पेशींत बसवला, तेव्हा उंदीर ते पदार्थ टाळू लागले. तोच ग्राही गोड चवीच्या पेशींत बसवला, तेव्हा त्याच पदार्थाकडे ते ओढीने धावू लागले. रेणू तोच, ग्राही तोच, फक्त पेशी बदलली. कडूपणा किंवा गोडपणा पदार्थात नसून कोणती पेशी जागी झाली यात असतो, हे याहून स्पष्ट करणारा प्रयोग मला माहीत नाही.

खानापूरचे मास्तर यांचे उत्तर

चर्चा रंगलेली पाहून निवृत्त माणसालाही राहवले नाही. खानापूरच्या रानात गुडमारची वेल मिळते. पाने तोंडात चावून बघितली की त्यानंतर साखर वाळूसारखी आणि गूळ मातीच्या खड्यासारखा लागतो. आमच्या शाळेतली मुले हा खेळ दर पावसाळ्यात करायची आणि जो साखरेची चिमूट तोंडात टाकून तोंड वाकडे करील तो हरायचा. यावरून मला वाटायचे की गुळाच्या कोठीत ही पाने पसरली तर उंदरांनाही गूळ गोड लागणार नाही आणि ते गुळाला तोंड लावणार नाहीत. ही युक्ती चालेल का, असा प्रश्न मी पूर्वी एका अभ्यासकाला विचारला आणि त्याचे उत्तर या चर्चेत मांडण्याजोगे आहे.

माणसाच्या जिभेवर परिणाम करणारे द्रव्य म्हणजे जिम्नेमिक आम्लांचा समूह. हे आम्ल माणसाच्या टी१आर३ प्रथिनाच्या पेशीपटलात रुतलेल्या भागाला चिकटते, आणि उंदराच्या टी१आर३मध्ये तो भाग थोडा वेगळा असल्यामुळे उंदराची गोडी त्याने जात नाही. गंमत अशी की याच वेलीत गुरमारिन नावाचे पस्तीस अमिनो आम्लांचे एक लहान प्रथिनही आहे, आणि ते बरोबर उलटे वागते: माणसावर त्याचा परिणाम होत नाही, उंदराची गोडी मात्र दबते. पण तीही सगळ्या उंदरांची नाही. सी५७ब्लॅक या वाणाच्या उंदरांत गुरमारिनमुळे गोडाला मिळणारा मज्जातंतूंचा प्रतिसाद सुमारे निम्म्यावर येतो, तर बाल्ब-सी या पांढऱ्या वाणात तो तसाच राहतो, आणि हा फरकही वारशाने येतो. एकाच वेलीने दोन प्राण्यांसाठी दोन वेगळ्या किल्ल्या बनवाव्यात याला काय म्हणावे!

तात्पर्य असे की पाने पसरून काही होणार नाही. गुरमारिन उंदराच्या जिभेपर्यंत पोहोचले, तरी गोडी अर्धीच जाईल, आणि मार्कंडेयबाईंनी सांगितलेला पोटाचा निरोप तर तसाच चालू राहील.

हिरण्यकेशी यांचे उत्तर

मार्कंडेयताई, मास्तर आणि निपाणीचे काका, आपण सर्वांनी एवढा वेळ दिल्याबद्दल मनापासून आभार. सॅकरीनच्या प्रमाणाबद्दल विचारले होते, त्याचे उत्तर असे की मी मोजमाप केले नव्हते. वाटीभर पाण्यात गोळ्या घालत गेलो आणि बोट बुडवून चाखले तेव्हा गोडाच्या मागून किंचित कडवट लागत होते, हे आता लक्षात येते.

बहिणीला यावर महाविद्यालयात प्रकल्प करायचा आहे. दोन बाटल्यांचा प्रयोग आमच्या घरी, पकडलेल्या उंदरांवर करता येईल का? आणि माझ्या मूळ अडचणीचे, म्हणजे मुंग्या न लागता उंदीर खेचणारे आमिष कसे करावे याचे काही उत्तर आहे का?

घटप्रभाकाठ (गोकाक) यांचे उत्तर

मी एका औषधशास्त्र महाविद्यालयाच्या प्राणिगृहात काम करतो, म्हणून प्रकल्पाविषयी तेवढे लिहितो.

पहिली गोष्ट, विद्यार्थिनीने घरी पकडलेल्या उंदरांवर प्रयोग करू नये. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी संस्थेची नोंदणी आणि संस्थेतील प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आवश्यक असते, आणि हे नियम १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली येतात. कायदा बाजूला ठेवला तरी घरउंदरांपासून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग होऊ शकतात, आणि पावसाळ्यात तर ही भीती वाढते. तिने सरळ प्राध्यापकांशी बोलावे आणि संस्थेत परवानगी असेल तर तिथल्या स्विस अल्बिनो उंदरांवर हा प्रयोग करावा. त्यात उंदराला इजा करावी लागत नाही, त्यामुळे परवानगीचे काम तुलनेने सोपे जाते. मात्र स्विस हा शुद्ध वाण नाही, त्यातले उंदीर आपापसांत जनुकीयदृष्ट्या वेगळे असतात, म्हणून प्रत्येक उंदराची आवड स्वतंत्र नोंदवावी आणि केवळ सरासरीवर भिस्त ठेवू नये. काही उंदीर सॅकरीनवर तुटून पडणारे आणि काही उदासीन असे तिला एकाच खोलीत दिसले, तर तिचे पुस्तक तिच्या डोळ्यांसमोर उभे राहील.

प्रयोगाची रीत साधी असली तरी तिच्यात एक खाच आहे. पिंजऱ्याला दोन बाटल्या लावायच्या, एकीत साधे पाणी आणि दुसरीत चाचणीचे द्रावण. दोन्ही आधी आणि नंतर वजन करून किती प्याले ते काढायचे, आणि द्रावणाचा एकूण पिण्यातला वाटा टक्क्यांत लिहायचा. पन्नास टक्के म्हणजे उंदराला फरक पडत नाही. खाच अशी की पुष्कळ उंदरांना डाव्या किंवा उजव्या बाजूची सवय असते, म्हणून दर चोवीस तासांनी बाटल्यांच्या जागा बदलायच्या आणि चाचणी किमान अठ्ठेचाळीस तास चालवायची. जागा न बदलल्यामुळे उंदराच्या बाजूच्या सवयीला सॅकरीनची आवड समजून बसलेले प्रकल्प मी पाहिले आहेत. बाटलीच्या तोटीतून थेंब गळतात, त्यांचाही हिशेब ठेवावा लागतो; त्यासाठी एक रिकामा पिंजरा तशाच दोन बाटल्या लावून शेजारी ठेवावा.

शिवाय दोन दिवसांच्या चाचणीत जीभ आणि पोट यांचे निरोप मिसळून जातात, हे वर आलेच आहे. ते वेगळे करण्यासाठी संशोधक उंदराला काही सेकंदच चाटू देतात आणि यंत्राने चाटण्याची संख्या मोजतात, कारण तेवढ्या वेळात पोटातून काही कळवले जाण्याची शक्यता नसते. महाविद्यालयात ते यंत्र असण्याची शक्यता कमी आहे. पण पहिल्या अर्ध्या तासातले पिणे आणि दोन दिवसांतले पिणे वेगळे नोंदवले, तर निदान दिशा तरी कळेल. सॅकरीनच्या जोडीला साखरेचे पाणीही चाचणीत घ्यावे, म्हणजे ताईंनी सांगितलेला फरक, सुरुवातीला बरोबरी आणि पुढे साखरेची सरशी, दिसतो का ते पाहता येईल.

आता आमिष. गोडीचा नाद सोडावा, असा माझा सल्ला आहे. भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट किंवा भरड ज्वारीला थोडे शेंगतेल चोळून लावले, तर वासही येतो, ऊर्जाही मिळते आणि गुळाइतक्या मुंग्या लागत नाहीत. धान्याच्या आमिषात तेल घालण्याची पद्धत शेतात रूढ आहे ती याच कारणाने. गूळच वापरायचा झाला तर पिंजरा पाण्याच्या उथळ परातीत दोन विटांवर ठेवावा आणि उंदराला येण्यासाठी भिंतीपासून एक फळी लावावी. त्या फळीच्या भिंतीकडच्या टोकाला थोडे वंगण फासले की मुंग्या तिथेच थांबतात आणि उंदीर सहज ओलांडून जातो. कोठीत गुळाच्या ढेपा उघड्या असतील तर मात्र कोणतेही आमिष फिके पडेल. आधी ढेपा पत्र्याच्या पिंपात बंद कराव्यात आणि मगच पिंजरे लावावेत.